बाहेरून आलेला गडी

श्रोतेहो, गेल्या हिवाळ्यात मोलगीला शाळाशाळांमधले कबड्डीचे सामने पाहण्याचा योग आला. अक्कलकुव्याहून घाट चढून वर गेलो तेव्हा मैदानाभोवती माणसांचे कडे पडले होते. एका आश्रमशाळेच्या संघात धडगावकडून त्याच वर्षी आलेला एक मुलगा होता. आधीच्या शाळेत तो डाव्या कोपऱ्याचा गडी. घोटा एकदा हाती लागला की सोडायचा नाही, अशी त्याची ख्याती. इथे मात्र उंच आहे, पाय लांब पडतो म्हणून त्याला चढाईला धाडत होते. शिवाय त्याला जागा करून देण्यासाठी मोलगीचाच एक मुलगा, गावाचा लाडका चढाईवाला, राखीव बसवला होता.

पुढे काय झाले असेल ते आपण ओळखलेच असेल. नवा मुलगा पहिल्याच चढाईत धरला गेला. पुन्हा आत आला, पुन्हा धरला गेला. तिसऱ्या वेळी तर मध्यरेषेकडे परत वळण्याआधीच त्याच्या कमरेला मिठी पडली. मग माणसे ओरडू लागली, "ज्यानं आणला त्यालाच परत द्या!" सामना हरल्यावर चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे, पोरगा कुचकामी. दुसरा म्हणे, थोडा वेळ द्या. मुलगा तेवढा वेळ पाण्याच्या टाकीमागे बसून होता. मी जवळ जाऊन विचारले, "काय रे, कोपऱ्यावर का नाही उभा राहिलास?" तो म्हणाला, "सर, मला कोणी विचारलंच नाही."

या उत्तराने मला मुंबईचे वानखेडे मैदान आठवले. तिथे 2024 साली याच जातीचा वाद झाला आणि तो साऱ्या देशाने पाहिला. त्यातल्या तारखा आणि आकडे सर्वांसमोर असल्यामुळे हा वाद नेमका कशावर होतो हे त्यातून नीट उलगडता येते, म्हणून तो आज आपल्यापुढे ठेवतो.

हार्दिक पंड्या हा बडोद्याचा अष्टपैलू खेळाडू. मुंबई इंडियन्स संघाने त्याला 2015 साली 10 लाख रुपयांना घेतले, आणि 2021 पर्यंत तो मुंबईकडून खेळला. तिथे त्याचे काम ठरलेले होते. डावाची शेवटची चारपाच षटके उरली की यायचे आणि चेंडू मैदानाबाहेर भिरकवायचे. 2022 साली नव्याने निघालेल्या गुजरात टायटन्सने त्याला 15 कोटींना घेऊन कप्तान केले. तिथे त्याचे काम पालटले. तो वरच्या क्रमांकावर, बहुधा चौथ्या जागी येऊ लागला, डाव सावरून मग वाढवू लागला. त्या वर्षी त्याने 487 धावा केल्या, अंतिम सामन्यात 17 धावांत 3 बळी घेतले, आणि पहिल्याच वर्षी गुजरातने अजिंक्यपद मिळवले. पुढच्या वर्षी तो संघ उपविजेता ठरला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या कबड्डीत असे काही नसते. या स्पर्धेत खेळाडू गावाचा म्हणून संघात नसतो. त्याचा लिलाव होतो. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा घालून दिलेली असते, 2024 च्या हंगामासाठी ती 100 कोटींची होती. लिलावाआधी ठरावीक मुदतीत दोन संघ आपसांत खेळाडूंची देवघेवही करू शकतात. त्याप्रमाणे नोव्हेंबर 2023 मध्ये मुंबईने कॅमेरॉन ग्रीन हा आपला महागडा खेळाडू बंगळूरच्या संघाला दिला, त्यातून मोकळे झालेले पैसे हाती आले, आणि हार्दिकला गुजरातकडून परत घेतले. डिसेंबरात जाहीर झाले की यापुढे मुंबईचा कप्तान हार्दिक. म्हणजे रोहित शर्मा पायउतार. रोहितने मुंबईला 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 अशी पाच अजिंक्यपदे मिळवून दिली होती. मुंबईच्या माणसाला हे कसे लागले असेल ते मोलगीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही!

एवढ्यात आणखी एक गोष्ट घडून गेली होती, आणि वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती हिशेबात धरली. 19 ऑक्टोबर 2023 रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे विश्वचषकात बांगलादेशाविरुद्ध स्वतःच्याच गोलंदाजीवर चेंडू पायाने अडवताना हार्दिकचा घोटा दुखावला. षटकाचे तीनच चेंडू झाले होते, उरलेले विराट कोहलीने टाकले. त्यानंतर काही महिने तो मोठ्या सामन्यांपासून दूरच होता. म्हणजे मुंबईचा कप्तान म्हणून मैदानात उतरला तो दुखण्यातून नुकता उठलेला माणूस होता.

पहिला सामना 24 मार्च 2024 रोजी, आणि तोही नेमका अहमदाबादला. तिथल्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली, कारण तो त्यांना सोडून गेला. मग तो मुंबईला आला, तर वानखेडेवरही हुर्यो, कारण तो परत आला! मौज पाहा, एकच माणूस आणि एकाच आठवड्याच्या आतबाहेर दोन गावे त्याच्यावर उलटसुलट कारणांनी रागावलेली. 1 एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना सांगावे लागले की जरा नीट वागा. पुढे 11 एप्रिलच्या सामन्यात विराट कोहलीनेही, जो त्या दिवशी प्रतिस्पर्धी संघात होता, हातवारे करून लोकांना थांबवले.

आता खेळाकडे वळू. प्रेक्षकांचे सारेच चुकत होते असे मी म्हणणार नाही. अहमदाबादच्या सामन्यात जसप्रीत बुमराहसारखा गोलंदाज संघात असताना कप्तानाने नवा चेंडू स्वतः हाती घेतला. धावांचा पाठलाग करताना स्वतः सातव्या क्रमांकावर आला. शेवटच्या षटकात 19 धावा हव्या होत्या. त्याने पहिल्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारला, तिसऱ्यावर तो बाद झाला, आणि मुंबई 6 धावांनी हरली. लोक म्हणाले, आधी का नाही आला? हा प्रश्न रास्त होता. 14 एप्रिलला वानखेडेवर त्याने शेवटचे षटक टाकायला घेतले आणि धोनीने त्यात अवघ्या 4 चेंडूंत 20 धावा काढल्या, तीन षटकार लागोपाठ. मुंबई हरली ती बरोबर 20 धावांनी. रोहितने त्या दिवशी नाबाद 105 धावा केल्या होत्या, म्हणजे जखमेवर मीठच. हंगाम संपला तेव्हा हार्दिकच्या 14 सामन्यांत 216 धावा, सरासरी 18, आणि 11 बळी. मुंबई 14 पैकी 4 सामने जिंकून दहा संघांत दहावी.

पण श्रोतेहो, या आकड्यांच्या पोटात शिरून पाहा. गुजरातेत चौथ्या जागी खेळणारा हा माणूस मुंबईत कधी पाचवा, कधी सहावा, कधी सातवा येत होता. मुंबईजवळ वरच्या जागांसाठी फलंदाज भरपूर होते, त्यामुळे गुजरातेत शिकलेले काम त्याला इथे करायला मिळेना, आणि मुंबईतले जुने काम सुटून दोन वर्षे झालेली. त्यात 2023 पासून या स्पर्धेत असा नियम आहे की सामना चालू असता संघाला एक खेळाडू बदलून दुसरा घेता येतो. फलंदाजी झाली की एका फलंदाजाला बसवा आणि निव्वळ गोलंदाज आणा. या नियमाने अष्टपैलू खेळाडूची किंमतच उतरली. दोन्ही कामे थोडीथोडी करणाऱ्यापेक्षा एकेक काम पुरे करणारे दोघे सोयीचे पडू लागले. आणि आणखी एक. त्याच हंगामात बुमराहने 20 बळी घेतले, रोहितने 417 धावा केल्या, तरी मुंबई तळालाच राहिली. एकट्याच्या अपयशाने संघ दहावा येतो, हा हिशेब मला तरी जुळत नाही.

खरे म्हणजे त्या वादात तीन निरनिराळी भांडणे एकात एक गुंतली होती. त्याला पैसे मोजून आणायला हवे होते का, हे एक. रोहितला काढायला हवे होते का, हे दुसरे. आणि हा गडी दिलेल्या जागी दिलेले काम करतो आहे का, हे तिसरे. पहिल्या दोहोंचे उत्तर संघाच्या मालकांनी द्यायचे, पण मालक काही सीमारेषेवर उभे राहत नाहीत. उभा राहतो तो खेळाडू. म्हणून मालकांवरचा राग त्याच्या अंगावर जातो, आणि तिसरा प्रश्न, जो एकच खेळाचा प्रश्न आहे, तो कोणी धड विचारीत नाही. रोहितच्या जागी आणलेला माणूस पहिल्या दिवशी शतक ठोकता तरी मला वाटते चार माणसांनी नाक मुरडलेच असते.

अमेरिकेत कॉलेजाकॉलेजांचे बास्केटबॉलचे सामने आपल्याकडच्या क्रिकेटइतक्या हौसेने पाहतात. तिथेही विद्यार्थी खेळाडू एक कॉलेज सोडून दुसऱ्यात जातात, आणि नवा आलेला चाचपडू लागला की हाच वाद पेटतो. मागे तिथे असा नियम होता की कॉलेज बदललेल्या बास्केटबॉलच्या खेळाडूने सर्वसाधारणपणे एक वर्ष सामने खेळायचे नाहीत. 2021 पासून पहिल्या बदलापुरती ती अट गेली. ती खेळाडूला जाचक होती यात शंका नाही, एक उमेदीचे वर्ष फुकट जायचे. पण त्या वर्षात तो सराव तर करीत असे, नव्या सोबत्यांच्या सवयी त्याच्या अंगवळणी पडत. आता तो उतरतो आणि दोनचार आठवड्यांत त्याचा निकाल लावतात. आपल्या नंदुरबारकडचा शेतकरी मिरचीचे रोप वाफ्यातून काढून शेतात लावतो तेव्हा ते प्रथम माना टाकते, हे त्याला ठाऊक असते. तो लगेच ते उपटून फेकीत नाही, पाणी देतो. तोच शेतकरी मैदानाच्या कडेला उभा राहिला की हे कसे विसरतो कोण जाणे!

हार्दिकचे पुढे काय झाले ते आपण जाणताच. 29 जून 2024 रोजी बार्बाडोस येथे वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या. भरात असलेल्या क्लासेनला हार्दिकने बाद केले. शेवटच्या षटकात 16 धावा रोखायच्या होत्या. कप्तान होता रोहित, आणि त्याने चेंडू दिला हार्दिकला. पहिल्याच चेंडूवर मिलरचा उंच फटका सूर्यकुमार यादवने सीमेवर झेलला. भारत 7 धावांनी जिंकला, हार्दिकचे 20 धावांत 3 बळी. पाच दिवसांनी, 4 जुलैला, त्याच वानखेडेवर लोक त्याच्या नावाचा गजर करीत होते. माणूस तोच होता, चेंडूही तोच. जागा आणि काम मात्र त्याच्या ओळखीचे होते. लोकांचे मन पालटले ते चांगलेच झाले, पण निकाल उलटा लागता, मिलरचा तो फटका हातभर लांब जाता, तर काय झाले असते, हा विचार मला अजून बेचैन करतो. त्याने टाकलेला चेंडू तर तोच राहिला असता.

मुंबईने त्याला कप्तान ठेवले. 2025 साली 4 एप्रिलला लखनौविरुद्ध त्याने 36 धावांत 5 बळी घेतले. या स्पर्धेत कोणत्याही कप्तानाने एका सामन्यात पाच बळी घेण्याची ती पहिलीच वेळ. सामना मात्र मुंबई हरली. त्या वर्षी संघ पहिल्या चारांत आला.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. आपल्या भागात मुलांची शाळा बदलते ती पंधरा कोटींसाठी नव्हे. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, कुणी मामाकडे राहायला येते, कुणाला दुसऱ्या आश्रमशाळेत जागा मिळते. अशा मुलाच्या हाती नव्या शाळेत ओळख मिळवायला पुष्कळदा खेळ एवढेच साधन असते. तेव्हा संघ निवडताना त्याला आधी विचारा की तू तिथे कुठे उभा राहत होतास. ती जागा देता येत नसेल तर का नाही, हे त्याला सांगा. ज्याला बसवले त्यालाही सांगा, आणि जमल्यास सर्वांदेखत सांगा, म्हणजे लोकांना राग धरायचाच तर तो आपल्यावर धरतील. आपण मोठी माणसे आहोत, आपल्याला तो सोसतो. चौदा वर्षांच्या मुलाला चारशे माणसांची हुर्यो सोसत नाही. हार्दिकला ती सोसावी लागली तेव्हा त्याच्या मागे नऊ वर्षांचा अनुभव होता.

मोलगीच्या त्या संघाचा दुसऱ्या दिवशी आणखी एक सामना होता. त्यांच्या सरांशी मी रात्री बोललो. ते भले गृहस्थ, म्हणाले, "बघतो." सकाळी गावाचा लाडका मुलगा चढाईला होता आणि नवा मुलगा डाव्या कोपऱ्यावर. पहिल्या पाळीत त्याने दोन घोटे धरले, तिसरा निसटला. संघ एका गुणाने हरला. टपरीवर त्या दिवशी वाद झाला तो पंचाच्या निर्णयावर.