रंगवलेले डिझेल आणि दोन किमतींचे रसायन

शेतातील ट्रॅक्टरसाठी कमी कराने विकले जाणारे डिझेल आणि महामार्गावरच्या ट्रकमध्ये भरले जाणारे डिझेल यांत इंधन म्हणून फरक नसतो. दोन्ही खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनातून, म्हणजे तेल तापवून त्यातील घटक त्यांच्या उत्कलनबिंदूंनुसार वेगळे करण्याच्या प्रक्रियेतून, साधारण १८० ते ३७० अंश सेल्सिअस या पट्ट्यात मिळतात आणि दोन्ही त्याच इंजिनात सारखीच जळतात. फरक असतो तो करात. रस्त्यावरील वाहनांच्या इंधनावर जड कर घ्यावा आणि जी यंत्रे क्वचितच रस्त्यावर येतात त्यांना त्यातून सूट द्यावी, हे धोरण युरोप-अमेरिकेतील अनेक देशांनी स्वीकारले आहे. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ मधील कपातीनंतर रस्त्यावरच्या डिझेलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे ५२.९५ पेन्स, तर सवलतीच्या डिझेलवरील १०.१८ पेन्स झाले. याचा अर्थ असा की ३०,००० लिटरचा एक टँकर शेताऐवजी पेट्रोल पंपाकडे वळवला, तर केवळ करातून सुमारे १२,८०० पौंड हाती लागतात. हा गैरव्यवहार रोखण्यासाठी रसायनशास्त्राने गेली काही दशके जे प्रयत्न केले, त्यांचा इतिहास विज्ञानाचे सामर्थ्य दाखवतो आणि त्याची मर्यादाही स्पष्ट करतो.

सर्वांत सोपा उपाय रंगाचा होता. ब्रिटनमध्ये सवलतीचे डिझेल लाल असते, आयर्लंडच्या प्रजासत्ताकात हिरवे. अमेरिकेत १९९४ पासून करमुक्त डिझेलमध्ये लाल रंग मिसळला जातो आणि ते महामार्गावर वापरताना सापडल्यास १,००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा दंड होतो. मात्र नुसता रंग डोळ्यांना दिसतो तो पुरेशा प्रमाणात असेल तरच. साध्या डिझेलमध्ये थोडे लाल डिझेल मिसळले की तो फिका होऊन नाहीसा झाल्यासारखा वाटतो. म्हणून रंगाच्या जोडीला मार्कर, म्हणजे अत्यल्प प्रमाणातही रासायनिक चाचणीने ओळखू येणारे खूणद्रव्य, मिसळण्याची पद्धत आली. युरोपीय संघाने २००२ पासून सर्व सदस्य देशांसाठी सॉल्व्हंट यलो १२४ हे समान खूणद्रव्य ठरवले आणि त्याचे प्रमाण लिटरमागे ६ ते ९ मिलिग्रॅम ठेवले.

हे खूणद्रव्य अझो रंगांच्या कुळातले आहे. दुहेरी बंधाने जोडलेले नायट्रोजनचे दोन अणू मध्ये आणि दोन्ही बाजूंना बेन्झीनची कडी, अशी या कुळाची रचना असते. या संपूर्ण कुळाचा पाया योहान पेटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ साली शोधलेल्या डायझो संयुगांनी घातला. ज्याच्या शोधावर जगातील कृत्रिम रंगांचा फार मोठा उद्योग उभा राहिला, त्या ग्रीसने आयुष्यातील दोन दशकांहून अधिक काळ इंग्लंडमधील बर्टन या गावी एका बिअर कारखान्याचा रसायनज्ञ म्हणून नोकरी केली आणि फावल्या वेळात डायझो संयुगांवरील संशोधन चालू ठेवले, ही गोष्ट रंगांच्या इतिहासात सांगितली जाते त्याहून अधिक ठळकपणे सांगितली जायला हवी. सॉल्व्हंट यलो १२४ च्या रेणूला एक तैलस्नेही शेपूट जोडलेले असते, त्यामुळे तो डिझेलमध्ये सहज विरघळून राहतो. तपासनीस नमुन्यात आम्ल घालून हलवतो तेव्हा हे शेपूट तुटते, उरलेला रेणू पाण्याकडे ओढला जातो आणि आम्लाच्या सान्निध्यात त्याचा रंग लाल होतो. तेलाखाली साचलेला पाण्याचा थर लाल दिसला की ट्रकच्या टाकीत सवलतीचे डिझेल होते, हे रस्त्याच्या कडेलाच सिद्ध होते. ब्रिटनने याच्या जोडीला क्विनिझरिन नावाचे दुसरे खूणद्रव्य ठेवले होते, जे अल्कलीच्या संपर्कात येताच जांभळे होते.

परंतु या चाचणीच्या सोपेपणातच तिचा दोष होता. जो रेणू आम्लामुळे तेल सोडून पाण्यात उतरतो, तो तपासनीसाच्या परीक्षानळीत जसा उतरतो तसाच एखाद्या आडबाजूच्या गोठ्यात उभारलेल्या टाकीतही उतरतो. आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांमधील सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेलगत, विशेषतः दक्षिण आर्मा, लाउथ आणि मोनॅहन या भागांत, नेमका हाच उद्योग फोफावला. सवलतीचे डिझेल आणायचे, ते आम्लाने किंवा विरंजक मातीतून गाळून रंगहीन करायचे आणि पूर्ण कर भरलेले डिझेल म्हणून पंपावर विकायचे, अशी ही पद्धत असून इंग्रजी वृत्तपत्रे तिला डिझेलची धुलाई म्हणतात. यात वापरली जाणारी माती म्हणजे बेन्टोनाइटसारखी चिकणमाती, आपल्याकडच्या मुलतानी मातीची जवळची नातलग. तिच्या कणांच्या प्रचंड मोठ्या पृष्ठभागावर विद्युतभारांची असमान वाटणी झालेली असते. ज्या रेणूंमध्येही तशीच असमान वाटणी असते, म्हणजेच जे ध्रुवीय असतात, ते या पृष्ठभागाला चिकटून बसतात. डिझेलचे हायड्रोकार्बन रेणू बहुतांशी अध्रुवीय असल्यामुळे गाळून पुढे निघून जातात आणि रंगाचे रेणू मातीत अडकतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात.

अधिशोषणाचा असा उपयोग प्रथम ज्याने पद्धतशीरपणे केला, तो रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याची आठवण येथे करणे आवश्यक आहे, कारण या साऱ्या प्रकरणातील गुन्हा आणि त्याचा तपास ही दोन्ही त्याच तत्त्वावर उभी आहेत. पानांतील हिरव्या-पिवळ्या रंगद्रव्यांचे मिश्रण वेगळे करण्यासाठी त्याने काचेच्या नळीत खडूची पूड ठासून भरली, वरून पानांचा अर्क ओतला आणि द्रावक सोडत राहिला. प्रत्येक रंगद्रव्य खडूला कमी-अधिक घट्ट चिकटत असल्यामुळे ती वेगवेगळ्या वेगाने खाली सरकली आणि नळीत रंगांचे स्वतंत्र पट्टे उमटले. शाळेत शाईचा ठिपका दिलेला खडू पाण्यात उभा करून जो प्रयोग विद्यार्थी करतात, तो याच पद्धतीचे साधे रूप आहे. त्स्वेतने हे काम १९०३ साली वॉर्सा येथे प्रथम मांडले आणि १९०६ मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. तत्कालीन नामांकित रसायनशास्त्रज्ञांनी मात्र तिच्याकडे संशयाने किंवा दुर्लक्षाने पाहिले. १९१९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्स्वेतचा मृत्यू झाला, तेव्हा त्याची पद्धत जवळपास विस्मरणात गेली होती. १९३१ मध्ये हायडेलबर्ग येथे रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांनी तिचे पुनरुज्जीवन केले आणि १९५२ साली आर्चर मार्टिन आणि अँथनी जेम्स यांनी वायूंसाठी तिचा विस्तार केला. आज औषधांपासून कीटकनाशकांच्या अवशेषांपर्यंत असंख्य पदार्थांचे विश्लेषण या तत्त्वावर चालते, पण ज्याने ते घडवले त्याला जिवंतपणी त्याचे श्रेय मिळाले नाही, हा विज्ञानाच्या इतिहासातील मोठा अन्याय आहे.

रंग मातीत अडकला म्हणून तो नाहीसा होत नाही. वापरलेली माती, आम्ल आणि तेलाचे अवशेष यांचा विषारी गाळ मागे उरतो. आयर्लंडच्या सीमाभागात हा गाळ मोठ्या प्लास्टिकच्या पेट्यांत भरून रात्रीतून रस्त्याच्या कडेला किंवा ओढ्यांजवळ टाकला जाई आणि तो उचलण्याचा खर्च स्थानिक परिषदांच्या, पर्यायाने सामान्य करदात्यांच्या, माथी येई. जपानमध्येही हेच घडले. तेथे रॉकेल आणि हलक्या भट्टीतेलात कुमारिन हे खूणद्रव्य मिसळले जाते. ते काढण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल वापरणाऱ्यांनी डांबरासारखा आम्लयुक्त गाळ पिंपांत भरून डोंगराळ भागांत टाकून दिला आणि अखेर २००४ साली कायद्यात दुरुस्ती करून या गाळाविरुद्ध विशेष तरतूद करावी लागली.

यावर रसायनशास्त्राने दिलेले उत्तर अधिक विचारपूर्वक होते. ब्रिटन आणि आयर्लंड यांनी संयुक्तपणे निवडलेले अ‍ॅक्युट्रेस एस१० हे खूणद्रव्य १ एप्रिल २०१५ पासून वापरात आले आणि युरोपीय संघानेही पुढे २०२४ पासून ब्युटॉक्सीबेन्झीन या संयुगावर आधारित नवे समान खूणद्रव्य लागू केले. ब्युटॉक्सीबेन्झीन रंगहीन असते, ते सुमारे २१० अंशांवर, म्हणजे डिझेलच्याच पट्ट्यात उकळते, त्याला आम्लाने किंवा अल्कलीने धरण्याजोगा गट नसतो आणि त्याची ध्रुवीयता इतकी कमी असते की माती त्याला इंधनातील इतर घटकांपासून सहजासहजी वेगळे करू शकत नाही. अर्थात ज्या गुणांमुळे ते काढणे कठीण, त्याच गुणांमुळे ते साध्या परीक्षानळीत दिसणेही अशक्य. त्याला शोधण्यासाठी वायू क्रोमॅटोग्राफीचे यंत्र, म्हणजे त्स्वेतच्या नळीची प्रगत वारस, लागते. सुलभ चाचणी सोडून देऊन अभेद्य खूण पत्करण्याचा हा सौदा फलदायी ठरला आणि सीमाभागातील धुलाईचा व्यवसाय वेगाने ओसरला.

तरीही हा विजय पूर्ण समजणे चुकीचे ठरेल, कारण गैरव्यवहार बंद न पडता वाट बदलतो. २०१४ साली पश्चिम आयर्लंडमध्ये कमी कराचे रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळल्यामुळे अनेक मोटारींची इंजिने बिघडली. लाल डिझेलने इंजिन खराब होते अशी समजूत सर्वत्र आढळते, पण लिटरमागे काही मिलिग्रॅम रंगाने इंजिनाचे काहीही बिघडत नाही. नुकसान होते ते धुलाईनंतर उरलेल्या आम्लाने आणि भेसळीने. ही चुकीची समजूत दूर होणे महत्त्वाचे आहे, कारण तिच्यामुळे दोष रंगाला दिला जातो आणि भेसळ करणारा सुटतो.

भारतात शेतीसाठी वेगळे रंगीत डिझेल कधी नव्हते, पण रेशनचे निळे रॉकेल होते आणि त्याने हाच धडा अधिक कठोरपणे दिला. रॉकेलचा उत्कलनपट्टा डिझेलच्या पट्ट्यात बऱ्याच अंशी शिरत असल्याने ते डिझेलमध्ये सहज मिसळून जाते. गरिबाच्या चुलीसाठी दिलेले अनुदान अशा रीतीने टँकरमधून भेसळखोरांच्या खिशात गेले. ऑक्टोबर २००६ पासून रॉकेलमध्ये खूणद्रव्य मिसळण्याचा उपक्रम सुरू झाला, परंतु तो अडीच वर्षेही टिकला नाही. लखीमपूर खेरी येथे २००५ साली भेसळीला अटकाव करणारे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांची हत्या झाली आणि २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळील पानेवाडी येथे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले, तेव्हा दोन किमतींमधील फरकाचे मोल माणसांच्या प्राणांत मोजले गेले. पुढे रेशनच्या रॉकेलची किंमत टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि मार्च २०२० पासून तेलकंपन्यांना त्यावर तोटा सोसावा लागेनासा झाला. भेसळीचे मूळ आकर्षण कोणत्याही रंगाने नव्हे, तर किमतींमधील दरी बुजल्यामुळे कमी झाले.

म्हणून सवलत इंधनाला द्यावी की माणसाला, हा खरा प्रश्न आहे. जर्मनीत शेतकरी पंपावर पूर्ण कर भरून डिझेल घेतो आणि वापराचा हिशेब देऊन करातील काही रक्कम, २०२४ च्या सुरुवातीपर्यंत लिटरमागे २१.४८ सेंट या दराने, परत मिळवत आला आहे. तेथे शेतीसाठी वेगळे इंधनच नसल्यामुळे ते पंपावर वळवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र ही सवलत काढून घेण्याचा प्रस्ताव येताच जानेवारी २०२४ मध्ये बर्लिनचे रस्ते ट्रॅक्टरांनी भरले, यावरून शेतकऱ्याला तिची किती गरज वाटते हेही दिसले. महाराष्ट्रातील मच्छिमारांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा याच तत्त्वावर दिला जातो, परंतु तो वेळेवर मिळत नाही ही किनारपट्टीवरील जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे, कारण हंगाम सुरू करण्यासाठी ज्याला उसने पैसे घ्यावे लागतात त्याला वर्षभराने मिळणारी सवलत म्हणजे सवलत नव्हे.

रसायनशास्त्र खूणद्रव्य अधिकाधिक अभेद्य करू शकेल, पण एकाच पदार्थाच्या दोन किमतींमधून निर्माण होणारा लोभ ते काढून टाकू शकत नाही. शेतकरी आणि मच्छिमार यांना इंधनाची सवलत मिळालीच पाहिजे. ती टाकीतल्या लिटरवर न देता त्यांच्या बँकखात्यात आणि हंगामापूर्वी द्यावी, हाच या साऱ्या अनुभवाचा निष्कर्ष आहे, आणि त्याची अंमलबजावणी राज्यकर्त्यांनी परताव्याच्या थकबाकीपासून सुरू करावी.