हेळव्याची वही आणि आटपाडीची घराणी

सुगी आटोपली, खळी रिकामी झाली की माणदेशातल्या वाड्यावस्त्यांवर हेळवी येतो. पूर्वी तो बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवरून किंवा एसटीने येतो. सोप्यात घोंगडी अंथरली जाते, पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि फडक्यात बांधलेली लांबट वही उलगडते. आधी कुलदैवत, मग मूळ गाव, मग एकेक पुरुष. अमक्याचे तीन लेक, पैकी मधला निपुत्रिक, धाकटा दुष्काळात मुलूख सोडून गेलेला. भोवती बसलेली भावकी कान देऊन ऐकते. घरातल्या कोणालाही ठाऊक नसलेला पणजोबांचा भाऊ त्या वहीत नांदत असतो. वाचून झाले की हेळवी नव्याने जन्मलेल्या मुलांची नावे विचारून लिहून घेतो आणि धान्य, कापड, रोकड असे मानाचे घेऊन पुढच्या घराकडे वळतो.

हेळवी कन्नड मुलखातून येणारे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात वंशावळी सांभाळणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. एकेका हेळव्याकडे ठरावीक गावे आणि ठरावीक भावक्या वाटून आलेल्या असतात. जुनी पाने मोडीत किंवा कन्नडात असतात. आटपाडीच्या ज्या माणसाला आपले घराणे शोधायचे आहे, त्याने कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी गावातल्या जाणत्यांना विचारावे, “आपला हेळवी कोण? कुठल्या गावचा?” कारण निम्मे काम कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते.

हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. सोन्याचांदीच्या गलाईसाठी आटपाडी आणि खानापूर तालुक्यांतली कुटुंबे देशभर पांगली. तमिळनाडूत, बंगालमध्ये, दिल्लीत वाढलेली नातवंडे दिवाळीला किंवा खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला गावी येतात. त्यांना गावाचे नाव ठाऊक असते, भावकी ठाऊक नसते.

दुसरी तयार वही तीर्थक्षेत्री सापडते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या गाव, जात आणि आडनाव यांनुसार लावलेल्या असतात. अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आलेल्या यजमानाकडून उपाध्याय वाडवडिलांची, भावांची, मुलांची नावे लिहून घेतात आणि खाली सही घेतात. त्यामुळे पणजोबांचे अक्षर पाहायचा योग फार वेळा इथेच येतो. तिथे जाताना मूळ गाव नक्की माहीत हवे. “सांगली जिल्हा” एवढ्याने पान सापडत नाही, कारण आजोबा गेले तेव्हा तो जिल्हाच नव्हता.

आटपाडीकरांची पहिली गफलत इथे होते. आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती, पंतप्रतिनिधींच्या अमलाखाली. संस्थान विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६०च्या सुमारास त्याचे नाव सांगली पडले. आटपाडी तालुका वेगळा होण्याआधी हा भाग खानापूर तालुक्यात मोडत होता. म्हणून जुन्या सूचीत शोधताना औंध, सातारा, खानापूर, आटपाडी ही चारही नावे लावून पाहावी लागतात. १८८५ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या सातारा गॅझेटियरमध्ये आटपाडी सापडते ती याच कारणाने. राज्य शासनाचे सातारा आणि सांगली गॅझेटियर पुढे वेगवेगळे निघाले.

छापील साधने मराठीत विपुल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी संकलित केलेल्या ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ १९५७ साली प्रसिद्ध झाल्या. त्याआधी १९०८ मध्ये पुरुषोत्तम विश्राम मावजी आणि द. ब. पारसनीस यांनी सरदार-इनामदार घराण्यांच्या हकिकतींचे ‘कैफियती, यादी वगैरे’ हे पुस्तक काढले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांत वतनाचे महजर, निवाडे, करीने आहेत. पाटील-कुलकर्ण्यांची तंटेबखेड्यांत आलेली नावे त्यांत पिढ्यांसकट मिळतात. पेंडसे, बापट, लिमये, गोडबोले अशा घराण्यांनी तर स्वतःचे कुलवृत्तांत छापले. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात अशी पुस्तके चाळता येतात, आणि पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत.

मात्र प्रत्येक यादी कोणी आणि कशासाठी केली, हे पाहिल्यावाचून तिच्यावर विसंबू नये. कैफियत इनाम राखण्यासाठी लिहिलेली असते. तिच्यात पराक्रम ठसठशीत आणि दत्तकाची भानगड पुसट असते. कुलवृत्तांतात मूळ पुरुषापासून पहिल्या तीन-चार पिढ्या पुष्कळदा ऐकीव माहितीवर उभ्या असतात. हेळव्याची वही पुरुषांची असते, लेकी तिच्यात क्वचितच येतात. २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामातून राज्यभर जुनी दप्तरे तपासली गेली आणि अनेक जिल्ह्यांनी नोंदींच्या प्रती संकेतस्थळांवर ठेवल्या. शोधकाला त्यांचा मोठा उपयोग आहे. पण तो शोध कुणबी नोंदींचा होता, त्यामुळे एखादे नाव त्या यादीत नाही म्हणून ते घराणे गावात नव्हते, असा अर्थ काढता येत नाही.

आडनावाचेही तसेच. माडगूळचे ते माडगूळकर. ग. दि. आणि व्यंकटेश या भावांनी ते नाव महाराष्ट्रभर नेले. पण जुन्या कागदांत माणूस बहुधा स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि हुद्दा किंवा वतन यांनी ओळखला जातो. आडनावावर अडून बसणाऱ्याच्या हातून समोरची नोंद निसटते.

आणि ज्यांना ना इनाम, ना छापील कुलवृत्तांत, त्यांचे काय? आटपाडीच्याच शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’ लिहिले. तराळकी हे महारांच्या वाट्याला आलेले गावकाम. दलित घराण्यांचा माग काढताना अशी आत्मचरित्रे मोलाची ठरतात, आणि त्यांच्या जोडीला महार वतनाचे कागद पाहावेत. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. त्यापूर्वीच्या कागदांत कोण वतनदार, कोणाचा वारस कोण, हे लिहिलेले असते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, फेरफार आणि ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात तो जन्ममृत्यूंच्या नोंदींचा गाव नमुना चौदा, हे कोणत्याही जातीच्या घराला उपयोगी पडतात. फेरफारात तर लग्न झालेल्या लेकींची नावे वारस म्हणून सासरच्या आडनावासकट येतात. हेळव्याच्या वहीतली मोकळी जागा तिथे भरून निघते.

१९५०च्या आधीचे बरेच कागद मोडीत आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते. घरातल्या एकाने जरी ती लिपी शिकून घेतली, तरी पेटीच्या तळाशी पडलेला कागद दुसऱ्याकडे न्यावा लागत नाही.

शोधाची वही करावी ती दोन रकान्यांची. डावीकडे नाव, उजवीकडे ते कुठून मिळाले आणि कोणत्या तारखेला. हेळव्याने सांगितलेले आणि फेरफारात सापडलेले जुळले, तर खूण करावी. जुळले नाही, तर दोन्ही तशीच ठेवावीत. पुढच्या सुगीला हेळवी सोप्यात येऊन बसला की नातवाच्या नावाबरोबर नातीचे, सुनेच्या माहेरचे आणि आत्यांचे नावही त्याला सांगावे, आणि तो लिहीपर्यंत समोरून उठू नये.