दुसऱ्याच्या पत्त्यावर आपले पत्र नको

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा चांगल्या गुणांनी पास झाली. एका मोठ्या रुग्णालयात जागा निघाल्याचे कळताच तिने वस्तीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानातून ऑनलाइन अर्ज भरला. पन्नास रुपये दिले, अर्जाची प्रिंट घेतली आणि ती बोलावणे येण्याची वाट पाहू लागली. तीन आठवडे गेले. शेवटी ती स्वतःच चौकशीला गेली. तेथील बाबूने यादी पाहून सांगितले, "तुमचे मुलाखतीचे पत्र मेलने पाठवले होते. मुलाखती होऊन आठ दिवस झाले."

संध्याकाळी ती प्रिंट घेऊन माझ्याकडे आली. ई-मेलच्या रकान्यात दुकानाचाच पत्ता होता. "मामा, मी ते नीट पाहिलेच नाही. तो म्हणाला, ताई, ई-मेल नसेल तर आमचा टाकतो, त्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही."

आम्ही दोघे दुकानात गेलो. त्या मुलाने संगणक उघडून दाखवला. न वाचलेली हजाराच्या वर पत्रे तुंबली होती. त्यात माझ्या भाचीचेही होते. मुलगा लबाड नव्हता. येईल त्या गिऱ्हाइकाची अडचण तो अशीच सोडवत होता. परंतु नोकरी गेली ती गेलीच.

मी कारकून माणूस. वीस वर्षे आवक-जावक नोंदवही सांभाळतो. सही घेतल्याशिवाय कोणाचा कागद हातचा सोडत नाही. आणि माझ्याच घरातील मुलीचे पत्र परक्याच्या पेटीत पडून राहिले! त्या दिवसापासून मी ओळखीच्या प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारतो, "तुमचा स्वतःचा ई-मेल आहे का, आणि त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे?" बहुतेक घरांत पहिल्या प्रश्नाला 'हो' आणि दुसऱ्याला 'मोबाइलवाल्याला' असे उत्तर मिळते. म्हणून हा लेख.

खोली बदलते, पत्ता बदलत नाही

आमच्या लहानपणी वडिलांची पत्रे 'मार्फत' येत. मार्फत कोण, तर कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलायची, चाळ पाडली की संक्रमण शिबिरात जायचे. मग पत्र कोठे पोहोचणार? कष्टकरी माणसाला कायमचा पत्ता असा नव्हताच. ई-मेलचा खरा फायदा येथे आहे. खोली बदलली, गाव बदलले, फोन हरवला, तरी हा पत्ता तोच राहतो. मात्र तो आपल्या नावाचा आणि त्याची किल्ली आपल्या हातात हवी.

ई-मेल ही गोष्ट तशी जुनी. अमेरिकेत १९७१ साली रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवले आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये 'ॲट' हे वेटोळ्याचे चिन्ह वापरले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. परंतु तेव्हा ई-मेल म्हणजे कार्यालयाची किंवा पैसे भरून जोडणी घेणाऱ्यांची सोय होती. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. फुकट खाते, आणि ते जगातील कोणत्याही संगणकावरून उघडता येणारे. स्वतःचा संगणक नसलेल्या माणसालाही पत्ता मिळू लागला. आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून अशी खाती उघडली. पुढे १ एप्रिल २००४ रोजी गुगलने जीमेल आणले. आज आपल्या बहुतेक घरांतील मोबाइलवर तेच असते, म्हणून येथे त्याचेच उदाहरण घेतो. इतर कंपन्यांच्या खात्यांची रीतही साधारण अशीच आहे.

आधी आपला फोन तपासा

नवा अँड्रॉइड फोन घेतला की दुकानदार तो 'चालू करून' देतो. तसे करताना पुष्कळदा तो आपल्या नावाने एक गुगल खाते उघडतो, मनाला येईल तो पासवर्ड घालतो आणि विसरून जातो. म्हणून प्रथम फोनमधील जीमेलचे ॲप उघडावे. वर उजव्या कोपऱ्यात गोल चिन्ह असते, ते दाबले की पत्ता दिसतो. तो ओळखीचा असेल आणि पासवर्ड ठाऊक असेल तर उत्तम. ठाऊक नसेल तर स्वतःचे नवीन खाते उघडणे बरे. एका फोनमध्ये एकाहून अधिक खाती राहू शकतात.

खाते उघडताना

खाते फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड अकाउंट' करून उघडता येते किंवा संगणकावर जीमेलच्या पानावर 'क्रिएट अकाउंट' दाबून. मराठी भाषाही निवडता येते. नाव, जन्मतारीख वगैरे विचारतात. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे असेल तसेच लिहावे, आणि जन्मतारीख खरी द्यावी.

त्यानंतर पत्ता निवडायचा. तो इंग्रजी अक्षरांत असतो, अंक आणि टिंबही चालते. साधे नाव-आडनाव बहुधा कोणीतरी आधीच घेतलेले असते. अशा वेळी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर किंवा एखादा अंक जोडावा. पोरे हौसेने 'डॅशिंग', 'किंग' असले काहीतरी घालतात. हाच पत्ता उद्या नोकरीच्या अर्जावर जाणार आहे, याची त्यांना आठवण द्यावी. मोबाइल क्रमांकही पत्त्यात घालू नये. पत्ता ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती क्रमांकही जातो.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, परंतु तो जितका लांब तितका पक्का. नाव, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक हे पासवर्ड नव्हेत. तो तर अर्ध्या वस्तीला ठाऊक असतो! घरातीलच तीन-चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून मध्ये एखादा अंक घालावा. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पासवर्डमध्ये धरला जातो, हे लक्षात ठेवावे. तो वहीत स्वच्छ लिहून रेशनकार्डाजवळ ठेवावा. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नये. बँकेचा पासवर्ड वेगळा आणि ई-मेलचा वेगळा असावा.

खाते उघडताना किंवा नंतर 'रिकव्हरी'साठी मोबाइल क्रमांक मागतात. पासवर्ड विसरला तर त्याच क्रमांकावर कोड येऊन खाते परत मिळते. तेथे दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक देऊ नये. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो. म्हणून सिम बदलले की त्याच दिवशी खात्यातही नवा क्रमांक घालावा. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू केले तर नुसता पासवर्ड चोरून कोणाला आत शिरता येत नाही. तेथेच दहा बॅकअप कोड मिळतात. तेही वहीत उतरवून ठेवावेत. फोन हरवला तर उपयोगी पडतात.

पत्र लिहिण्याची रीत

'कंपोज' दाबले की कोरा कागद उघडतो. वर 'टू' या जागी ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता. एक अक्षर चुकले तरी पत्र भलतीकडे जाते. त्याखाली विषय. आपण अर्जावर 'विषय' लिहितो तसाच तो लिहावा: कोणत्या पदासाठी अर्ज, अर्जाचा क्रमांक. विषय कोरा सोडलेले पत्र कार्यालयात मागे पडते, हे मी रोज पाहतो. मजकूर थोडक्यात, शेवटी पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांक.

मराठीत लिहिण्यास संकोच करू नये. पूर्वी एका फाँटमधील मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती रांगोळी दिसे. आता युनिकोडमुळे मोबाइलवर टाइप केलेली मराठी पलीकडे जशीच्या तशी दिसते.

प्रमाणपत्रे जोडण्यासाठी कागद अडकवायच्या पिनेचे चिन्ह असते. जीमेलवर एका पत्रासोबत एकूण २५ एमबीपर्यंतच्या फायली जातात. कागदपत्रांचे फोटो उजेडात, सरळ काढावेत. शक्यतो त्यांची पीडीएफ करून फाइलला आपले नाव द्यावे. माझी एक सवय सांगतो. मी मजकूर लिहितो, कागद जोडतो, पुन्हा वाचतो आणि पत्ता सर्वांत शेवटी घालतो. त्यामुळे अर्धवट पत्र चुकून जात नाही. चूक पाठवल्याबरोबर लक्षात आली तर काही सेकंद 'अनडू' दिसते. ही मुदत सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते.

मंडळाची सूचना पन्नास जणांना पाठवायची असेल तर सर्वांचे पत्ते 'बीसीसी' या जागी घालावेत. 'टू'मध्ये घातले तर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला दिसतो.

पेटी रोज उघडावी

खाते उघडून ठेवले आणि पाहिलेच नाही, तर माझ्या भाचीच्या गोष्टीत फारसा फरक पडणार नाही. दिवसातून एकदा पेटी पाहावी. 'स्पॅम' या कप्प्यातही डोकवावे, कारण कामाचे पत्रही कधी कधी तिकडे जाते आणि ३० दिवसांनी ते आपोआप पुसले जाते.

जीमेलबरोबर १५ जीबी जागा फुकट मिळते. परंतु ती केवळ पत्रांसाठी नाही. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमध्ये चढणारी चित्रेही त्यातच मोजली जातात. लग्नाचे आणि वाढदिवसाचे व्हिडिओ चढत राहतात, जागा भरते आणि नवी पत्रे येणे बंद होते. हे कित्येकांच्या ध्यानीमनी नसते. म्हणून मधूनमधून जागा तपासून नको ते काढून टाकावे. दोन वर्षे अजिबात न वापरलेले खाते गुगल बंद करून आतील सर्व काही पुसू शकते, तसा त्यांचा नियम आहे.

दुसऱ्याच्या संगणकावर

दुकानातील किंवा कार्यालयातील संगणकावर खाते उघडल्यास 'पासवर्ड सेव्ह करू का' या प्रश्नाला नाही म्हणावे आणि उठण्यापूर्वी 'साइन आउट' करावे. नुसती खिडकी बंद करणे म्हणजे दार लोटून घेणे, कुलूप नव्हे. विसरलातच तर आपल्या फोनवर गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात 'युअर डिव्हायसेस' पाहावे. तेथून त्या संगणकावरचे खाते बंद करता येते.

भूल पडू देऊ नका

"आपली निवड झाली आहे, अनामत रक्कम भरा", "लॉटरी लागली", "खाते बंद होणार, येथे दाबा" अशी पत्रे येतील. गरजू माणसाला नोकरीच्या नावाने फसवणे सर्वांत सोपे असते. पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नये, 'ॲट'च्या पुढे काय आहे ते पाहावे. सरकारी खात्यांचे पत्ते साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असे संपतात. शंका आली तर पत्रातील क्रमांकावर नव्हे, आपण स्वतः शोधलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी घाई कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता अधिक.

घरातील प्रत्येकाचे वेगळे खाते

शेवटची गोष्ट माता-भगिनींसाठी. पुष्कळ घरांत एकच ई-मेल असतो आणि तो घरधन्याचा किंवा मुलाचा. बचत गटाचा कागद, पॅन कार्ड, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळीकडे तोच. मुलगा कामाला परगावी गेला की सगळे अडते. एका मोबाइल क्रमांकावर घरातील एकाहून अधिक जणांची खाती उघडता येतात, त्याला मर्यादा असली तरी. बाईचे खाते तिच्या नावाचे असावे आणि त्याचा पासवर्ड तिला स्वतःला टाइप करता यावा.

माझ्या बहिणीने हे शिकायला महिनाभर घेतला. "दादा, ही अक्षरे माझ्या बोटाला सापडत नाहीत," म्हणायची. मागच्या शिमग्यात तिने मला पहिले पत्र पाठवले. मजकूर एका ओळीचा, 'जेवायला ये, मुलीला नोकरी लागली'. ती नोकरी पहिल्या रुग्णालयातली नव्हे, दुसरीकडची, पगारही थोडा कमी. परंतु मुलाखतीचे पत्र आले ते भाचीच्या स्वतःच्या पत्त्यावर, आणि तिने ते त्याच रात्री वाचले.

तेव्हा वाचकहो, या रविवारी एवढेच करा. फोनमधील पत्ता पाहा, पासवर्ड आपल्या वहीत घ्या, रिकव्हरीचा क्रमांक आपला आहे ना ते तपासा. आणि यापुढे कोणी "ई-मेल नसेल तर आमचा टाकतो" म्हणाले, तर त्याला म्हणा, "थांबा, माझा आहे. मी सांगतो, तुम्ही लिहा."