एक पाणी, दोन विद्यापीठं

लेखमाला : जिल्ह्याची विद्या – भाग 5

मागच्या भागात आपण दयानंद महाविद्यालयापर्यंत आलो होतो. 1940 साली ते सोलापुरात निघालं आणि पदवीसाठी पुण्यात खोली घेऊन राहण्याची सक्ती निदान शहरातल्या मुलांपुरती तरी सुटली. आज शहर सोडून जिल्ह्याच्या वायव्य टोकाला जायचं आहे, उजनीच्या फुगवट्याकाठी. विद्यापीठाची हद्द कोण आखतं आणि ती हलली की माणसांचं काय होतं, हे इथल्याइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसत असेल.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. माढा तालुक्यात उजनीला भीमा अडवली आहे. धरणाचं काम 1966 मध्ये सुरू झालं आणि 1980 मध्ये पुरं झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. पाणी मागे फुगत गेलं ते थेट दौंडच्या दिशेने. या फुगवट्याच्या एका काठाला करमाळा तालुक्यातली जिंती, केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, कुगाव, कंदर, वांगी ही गावं. समोरच्या काठाला इंदापूर तालुक्यातली भिगवण, कळाशी, पळसदेव, शिरसोडी. वरच्या अंगाला थोडा कर्जत तालुकाही लागतो. म्हणजे पाणी एक आणि जिल्हे तीन : सोलापूर, पुणे, अहिल्यानगर. दोन्ही काठांवर तोच ऊस, तीच केळी, तीच चिलापी आणि कटला. सोयरीकही इकडची तिकडे.

विद्यापीठ मात्र वेगळं. करमाळ्याचा काठ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाकडे, इंदापूर आणि कर्जतचा काठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे.

हे असं का, ते समजायला आपल्याकडच्या विद्यापीठांची घडण पाहावी लागते. 1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्या घडणीत विद्यापीठाने स्वतः शिकवायचं नव्हतं. शिकवायचं कॉलेजांनी. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. पुढे विद्यापीठांनी स्वतःचे पदव्युत्तर विभाग काढले, प्रयोगशाळा उभ्या केल्या, पण पाया तोच राहिला. आजही राज्यातल्या कोणत्याही मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात नसतात, संलग्न कॉलेजात असतात. आणि कोणतं कॉलेज कोणाशी संलग्न व्हायचं, हे कायद्यातल्या कार्यक्षेत्राने ठरतं. कार्यक्षेत्र म्हणजे जिल्ह्यांची यादी. जिल्ह्याची हद्द भीमेतून गेली, म्हणून विद्यापीठाचीही भीमेतून गेली.

नदी होती तेव्हा ही रेघ फारशी जाणवत नसे. उन्हाळ्यात भीमा पायी ओलांडता येई. धरण झालं आणि रेघेवर मैलोनमैल पाणी उभं राहिलं.

आता या एका काठाने किती विद्यापीठं पाहिली ते बघा. आधी मुंबई. मग 10 फेब्रुवारी 1949 रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि सोलापूर जिल्हा पुण्याकडे आला. करमाळ्याच्या माणसाला पुणे परकं नव्हतंच. मुंबई-सोलापूर लोहमार्ग याच गावांच्या अंगावरून जातो. जिंती, पारेवाडी, वाशिंबे, जेऊर, केम ही स्टेशनं त्यावरच आहेत, आणि जिंतीसारख्या पश्चिमेच्या टोकाला तर सोलापूरपेक्षा पुणेच जवळ. पण 18 नोव्हेंबर 1962 रोजी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन उद्घाटनाला आले होते, पहिले कुलगुरू इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार. दक्षिण महाराष्ट्राच्या शिक्षणासाठी ही फार मोठी घटना होती आणि तिचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. सोलापूर जिल्हा त्या विद्यापीठाकडे गेला. त्यात करमाळाही गेला.

करमाळ्याहून कोल्हापूर! गुणपत्रिकेत नाव चुकलं, निकाल राखून ठेवला, पदवी प्रमाणपत्र हवं आहे, तर जायचं कसं? जेऊरहून कुर्डूवाडी. कुर्डूवाडीला मोठी गाडी सोडून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसायचं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली ही अडीच फुटी रुळांची लाइन बार्शीकडून वाढत वाढत 1927 मध्ये मिरजेला पोचली होती. तिच्यातून पंढरपूर, सांगोला करत मिरज, आणि मिरजेहून गाडी बदलून कोल्हापूर. नाहीतर एसटीचे दोन-तीन टप्पे. कसंही गेलं तरी एका दिवसात काम उरकून घरी परतणं अशक्य. ज्याच्या घरी पैसा आणि पुरुषमाणूस मोकळा, त्याने हे केलं. बाकीच्यांनी दुरुस्त न झालेल्या कागदांवर आयुष्य काढलं किंवा पहिल्या वर्षानंतर नाद सोडला. मुलींचा तर प्रश्नच येत नव्हता, कारण कोल्हापूरच्या फेऱ्या घालायला मुलीला एकटीला कोण पाठवणार.

याच वर्षांत गावंही उठली. केत्तूर, वांगी, चिखलठाण यांचे जुने गावठाण पाण्याखाली गेले आणि लोक वरच्या माळावर आले. गावं विभागली म्हणून त्यांना नंबर पडले. आजही कॉलेजच्या प्रवेश अर्जावर मुलं पत्ता लिहितात तो ‘मु. पो. केत्तूर नं. 2’ किंवा ‘वांगी नं. 1’ असा. पुण्याच्या किंवा मुंबईच्या कारकुनाला तो नंबर घराचा वाटतो. तो घराचा नसतो, बुडालेल्या गावाच्या वाटणीचा असतो. घर, शेत, देऊळ, नदीचा घाट एकदमच गेलेल्या या लोकांनी मुलांना शिकवायचं मनावर घेतलं, आणि नेमकं त्याच काळात त्यांचं विद्यापीठ राज्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. धरणग्रस्तांच्या जमिनीच्या मोबदल्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या शैक्षणिक अंतराबद्दल जवळपास काहीच लिहिलेलं नाही, म्हणून इथे जरा थांबलो.

सोलापुरात शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. त्यामुळे एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्यांची थोडी सोय झाली, पण परीक्षा विभाग, पदवी, संलग्नता यांची सूत्रं कोल्हापुरातच होती. जिल्ह्याची स्वतंत्र विद्यापीठाची मागणी जुनी. ती 1 ऑगस्ट 2004 रोजी पुरी झाली. केगावला पुणे महामार्गालगत त्याच केंद्राच्या जागेवर सोलापूर विद्यापीठ उभं राहिलं आणि डॉ. इरेश स्वामी पहिले कुलगुरू झाले. कार्यक्षेत्र फक्त एक जिल्हा. 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. नावावरून जिल्ह्यात बरेच दिवस ताणाताणी चालली होती, सिद्धेश्वरांच्या नावाचाही आग्रह होता. त्यात आज शिरत नाही. करमाळ्याच्या माणसाला मात्र हे नाव शेजारचं वाटतं, कारण अहिल्यादेवींचं जन्मगाव चोंडी हे करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातलं.

एका जिल्ह्यासाठी आख्खं विद्यापीठ म्हणजे चैन आहे, असं मानणारे आजही भेटतात. विद्यापीठ मोठं असावं, त्याला परंपरा असावी, लहान विद्यापीठाच्या पदवीला बाजारात भाव नाही, असं ते सांगतात. मला हे पटत नाही. विद्यापीठाचं मोठेपण मोजायचं तर टोकाच्या गावापासून मोजावं. पुणे विद्यापीठ देशातल्या मोठ्या विद्यापीठांपैकी एक आहे, त्याची कीर्ती निर्विवाद आहे. पण करमाळ्याच्या मुलीला सकाळी निघून, केगावला अर्ज देऊन, रात्री घरी पोचता येतं, ही गोष्ट 2004 आधी नव्हती. शंभरच्या आसपास कॉलेजांचं विद्यापीठ एखाद्या गावाच्या कॉलेजकडे जितकं लक्ष देऊ शकतं तितकं कित्येक पट कॉलेजं सांभाळणारं विद्यापीठ देऊ शकत नाही. लक्ष देतंच असं नाही. पण मागायला जागा तरी राहते.

रोजचं विद्यापीठ मात्र केगावला नसतंच. ते करमाळ्याच्या यशवंतराव चव्हाण महाविद्यालयात, जेऊरच्या भारत महाविद्यालयात, टेंभुर्णी-कुर्डूवाडीच्या कॉलेजांत असतं. सकाळी जेऊर स्टेशनच्या बाहेर पाहावं. आसपासच्या वस्त्यांवरून आलेली मुलं, काखेत सॅक, एका मोटारसायकलवर तिघं. ऊसतोडीच्या हंगामात वर्गातले काही चेहरे गायब होतात आणि परीक्षेला परत दिसतात. इतिहास किंवा मराठी शिकवणारे कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर काम करतात, म्हणजे शिकवलेल्या तासांचेच पैसे, तेही उशिराने. सत्र पद्धत आली, मग श्रेयांकांची पद्धत आली, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विषयांची रचनाच पालटली. अभ्यास मंडळं केगावला बसून अभ्यासक्रम नव्याने लिहितात, आणि तो पेलायची जबाबदारी या तासिकेवरच्या माणसांवर पडते. कायमच्या जागा भरल्याशिवाय कोणतंही नवं धोरण करमाळ्यात पोचणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय या गावांची सगळी विद्या एका विद्यापीठात मावतही नाही. कंदरची केळी परदेशी जातात, पण केळी आणि ऊस यांचं शास्त्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे. वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. बारावीनंतर लग्न झालेल्या मुलींना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा आधार, ते 1989 चं.

आता पुन्हा पाण्याकडे. करमाळ्यात बी.ए. झालेल्या मुलाने इंदापूर, बारामती किंवा पुण्याला एम.ए. करायचं ठरवलं, तर तो कागदोपत्री विद्यापीठ बदलतो. सोलापूर विद्यापीठाकडून स्थलांतर प्रमाणपत्र काढायचं, पुणे विद्यापीठाकडून पात्रता मंजूर करून घ्यायची. आपल्या बोलीत मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी. समोरचा काठ घराच्या ओट्यावरून दिसतो आणि तिथे शिकायला ‘स्थलांतर’ करावं लागतं. श्रेयांक आता अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, एका विद्यापीठातले दुसरीकडे धरता येतात. ही योजना नीट राबली, तर देशात सगळ्यात जास्त फायदा अशा हद्दीवरच्या गावांना होईल.

कागदाची अडचण सुटेल, पाण्याची तशी सुटत नाही. कुगावहून कळाशीला बोटीने जाणं हा वर्षानुवर्षांचा रिवाज, कारण रस्त्याने फार मोठा वळसा पडतो. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी वादळी वाऱ्यात ती बोट उलटली आणि सहा जण बुडाले. शिरसोडी ते कुगाव पुलाची मागणी त्याआधीपासूनची. पूल मंजूर झाला आहे. तो वाहता होईल तेव्हा इंदापूर आणि बारामतीची कॉलेजं करमाळ्याच्या या पट्ट्याला एकदम हाताशी येतील. त्या दिवशी कदाचित सोलापूर विद्यापीठाचे काही विद्यार्थी कमी होतील. होऊ द्यावेत.

केगावच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्र आहे, भूगर्भशास्त्र आहे, पुरातत्त्व आहे, ग्रामीण विकास आहे. आणि या सगळ्या विषयांचा खुला ग्रंथ त्यांच्याच कार्यक्षेत्रात पसरलेला आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. पाणी हिरवं पडतं, वास मारतं, आणि तेच पाणी पुढे सोलापूर शहर पितं. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांना बघायला भिगवणकडे पर्यटकांची रीघ लागते. दुष्काळी उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, बुडालेल्या गावठाणांच्या भिंती दिसू लागतात आणि म्हातारी माणसं आपापल्या घराचं जोतं शोधत फिरतात. मासे, पाणी, पक्षी यांवर प्रबंध झाले आहेत, होत आहेत. पण ते एकेकट्या विद्यार्थ्याच्या पदवीपुरते होतात आणि कपाटात जातात. दरमहा ठरलेल्या ठिकाणचं पाणी तपासणारं, विस्थापित गावांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणारं, मच्छीमारांच्या नोंदी ठेवणारं एक कायमचं केंद्र फुगवट्याकाठी हवं. सोलापूर आणि पुणे या दोन्ही विद्यापीठांनी ते मिळून चालवावं. जुनं केत्तूर चालतं-बोलतं असताना पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा या कामाला फार वर्षं हातात नाहीत.

आणखी एक मागणी, तीही अहिल्यादेवींच्याच नावाशी जोडलेली. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो तो अहिल्याबाई होळकर योजनेतून, आणि तो बारावीपर्यंतच. अहिल्यादेवींच्या नावाच्या विद्यापीठात पाऊल टाकलं की अहिल्यादेवींच्या नावाचा पास संपतो. तिकिटात सवलत मिळते, पण कुगाव किंवा वांगीच्या शेतमजुराच्या घरात सवलतीचे पैसेही मोजूनच निघतात. पास पदवीपर्यंत वाढवायला नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. अधिसभेने तसा ठराव करून शासनाकडे पाठवावा.

पुढच्या भागात भीमेच्याच काठाने खाली उतरू, सीना जिथे तिला मिळते त्या हत्तरसंग कुडलला. तिथला शके 940 चा मराठी शिलालेख आणि तो वाचणारे आनंद कुंभार यांच्याविषयी.