ओळखीची स्मृती आणि वैद्याचा प्रश्न

तुळजापूर तालुक्यातील अणदूरचा खंडोबा वर्षातील सुमारे सव्वादहा महिने अणदुरात आणि उरलेले पावणेदोन महिने नळदुर्गजवळील मैलारपुरात असतो. देवाच्या या जाण्यायेण्यात जुने परिचित पुन्हा भेटतात आणि हा कोणाचा जावई, ती कोणाची धाकटी, हे क्षणार्धात उमगते. घरातील वृद्धास जेव्हा हेच उमगेनासे होते, तेव्हा कुटुंब वैद्याकडे येते. म्हणून या ओळखीच्या स्मृतीचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

स्थळाची स्मृती व व्यक्तीची स्मृती यांच्या वाटा मेंदूत काही अंशी वेगळ्या आहेत. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात सीए-२ नावाचा एक लहानसा पट्टा आहे. २०१४ साली हिट्टी व सीगेलबॉम यांनी उंदरांमध्ये हा पट्टा निष्क्रिय केला, तेव्हा आधी भेटलेला सोबती त्यांस ओळखता येईना. स्थळस्मृती मात्र बव्हंशी टिकली. पुढे २०२० मध्ये जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी हायपोथॅलॅमसमधील सुप्रामॅमिलरी केंद्रातून निघणारे दोन प्रवाह दाखविले. अनोळखी जागी गेल्यावर एक प्रवाह डेंटेट गायरसकडे जागा होतो. अनोळखी प्राणी भेटल्यावर दुसरा सीए-२ कडे. हायपोथॅलॅमसमधूनच सीए-२ कडे व्हॅसोप्रेसिन पोहोचविणारे तंतूही येतात. भेटीच्या वेळी ते चेतविल्यास उंदरांची ओळख दृढ झाली, पण आठवण्याच्या वेळी चेतवून तसा लाभ झाला नाही, असे २०१६ मध्ये आढळले. अर्थात हे सारे उंदरांतील आहे. मनुष्याविषयी तितक्या ठामपणे बोलता येत नाही.

आमच्या व्यवसायबंधूंपैकी काहींस येथे चरकसंहितेतील स्मृतीची आठ कारणे आठवतील. शारीरस्थानात निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, विपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग व पुनःश्रुत अशी ती सांगितली आहेत. पाहिलेले रूप, त्याचे साम्य व वैषम्य आणि मनाची एकाग्रता यांचा स्मृतीशी संबंध आचार्यांनी चिकित्सक नजरेने हेरला, हे निःसंशय. परंतु त्यांनी सीए-२ सांगितला, असे म्हणणे शास्त्राची शोभा करून घेणे होय. निरीक्षण त्यांचे, शरीररचना आजची. दोहोंस आपापल्या जागी राहू द्यावे.

चिकित्सेत याचा उपयोग आधी प्रश्न विचारण्यात आहे. "आजोबा माणसे विसरतात" एवढ्यावर ब्राह्मी वा शंखपुष्पी लिहून देणे आम्हांस मान्य नाही. ते नाव विसरतात की नाते? चेहरा पाहून ओळखत नाहीत, पण आवाज ऐकून ओळखतात काय? तसे असल्यास आधी मोतीबिंदू पाहावा. जुनी बहीण ओळखू येते, पण गेल्या वर्षी आलेली नातसून नाही, हा क्रम स्मृतिभ्रंशाच्या आरंभी पुष्कळदा दिसतो. तरी थायरॉइड व ब-१२ यांची तपासणी टाळू नये, कारण ती कमतरता भरून काढता येते.

या प्रश्नांची उत्तरे दवाखान्यात क्वचितच पूर्ण मिळतात. डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने अणदूर परिसरात गावातीलच स्त्रियांस शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. कोणाच्या घरी कोण कधी आले, कोण कोणास पूर्वी ओळखत असे, हे अशा स्त्रीस ठाऊक असते. आमच्या केसपेपरावर ते नसते. परवापर्यंत सर्वांस ओळखणारा वृद्ध आज अचानक लेकास परका म्हणू लागला, तर तो वार्धक्याचा दोष मानू नये. ताप, लघवीची जळजळ, नवे औषध, पडल्याचा मार यांची चौकशी करून त्यास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.