अपभ्रंश कोणाला म्हणायचं?

आमच्या धुळ्याकडे घरात अहिराणी, शाळेत मराठी. ‘काय करी ऱ्हायना?’ असं वर्गात तोंडून निसटलं की गुरुजी म्हणत, ‘‘अपभ्रंश आहे हा!’’ शिवीच ती, फक्त सोवळ्यातली. पुढे मीही मराठीच शिकवू लागलो आणि या शब्दाच्या मागे लागलो.

तो पतंजलीच्या महाभाष्यात भेटतो, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. शुद्ध शब्द एक, अपभ्रंश पुष्कळ, असं तो म्हणतो आणि उदाहरण देतो गायीचं. ‘गौः’ शुद्ध, गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे घसरलेले. अर्थ दोन्हींतून सारखाच कळतो, हे तोही नाकारत नाही. पुण्य मात्र शुद्ध शब्दालाच! आज आपल्या गोठ्यात ‘गौः’ कुठेच नाही, गाय आहे.

सातव्या शतकाच्या सुमाराचा काव्यशास्त्रकार दंडी जास्त नेमकं बोलतो. शास्त्रात संस्कृतखेरीज सगळंच अपभ्रंश. काव्यात मात्र आभीर वगैरे लोकांच्या बोलीला ते नाव. आभीर म्हणजे अहीर, आणि अहिराणीचं नाव त्यांच्यावरूनच पडलं असं मानतात. म्हणजे नकळत का होईना, गुरुजी दंडीच्याच वाटेने चालले होते म्हणायचे! बाराव्या शतकात हेमचंद्राने याच अपभ्रंशाचे नियम आपल्या व्याकरणात बांधले. शिवीचं भाषेचं नाव झालं ते असं.

‘प्राकृत’वरही वाद आहेच. हेमचंद्राच्या मते प्रकृती म्हणजे संस्कृत, तिच्यातून निघालं ते प्राकृत. त्याच्या आधीचा नमिसाधू म्हणतो, व्याकरणाचा संस्कार न झालेलं लोकांचं सहज बोलणं ते प्राकृत. मला नमिसाधू पटतो.

इंग्रजीतला ‘डायलेक्ट’ ज्यावरून आला तो ग्रीकांचा ‘डायलेक्टोस’ही मुळात नुसतं संभाषण, आपल्या ‘बोली’सारखाच साधा.

साहेबाच्या काळात नावं ठेवण्याचं काम भारताच्या भाषिक सर्वेक्षणाकडे गेलं. ते करणाऱ्या ग्रिअर्सनने त्याच्या 1905च्या मराठी खंडात कोकणीला मराठीची बोली म्हटलं, आणि आमची अहिराणी ‘खानदेशी’ या नावाखाली 1907च्या खंडात भिल्ली भाषांशेजारी बसवली. कोकणीला साहित्य अकादमीने 1975 साली स्वतंत्र भाषा मानलं, 1992 साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. अहिराणी त्या यादीत अजून नाही.

शिक्षकमित्रांनो, पोरांच्या वहीत लाल शाईने ‘अपभ्रंश’ लिहू नका. ‘प्रमाण मराठीत असं लिहितात’ एवढंच लिहा.