घरमालकाचा पहिला करारनामा

भाडेकरू ओळखीचा आहे, घराण्याने सज्जन आहे, एवढ्याच भरवशावर जो नवा घरमालक दस्तऐवजाची टाळाटाळ करतो, त्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम ५५ एकवार तरी वाचावे. करार लेखी व नोंदणीकृत असावा आणि ती जबाबदारी मालकाची, असे हे कलम बजावते. नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, शिवाय कसूर करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अकरा महिन्यांच्या मुदतीमुळे नोंदणी टळते, हा दलालांनी जोपासलेला समज महाराष्ट्रात तरी निराधार आहे.

मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाविरुद्ध, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्याविरुद्ध, कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, व दुप्पट दराने नुकसानभरपाईही. पाणी वा वीज तोडण्याचा उतावळेपणा मात्र मालकासच गोत्यात आणतो.

अनामत रकमेचे तंटे बहुधा रंगसफेदीवरून आणि भिंतीतल्या खिळ्यांवरून उद्भवत असल्याने, पंखे, नळ, गिझर यांची यादी छायाचित्रांसह, उभयतांच्या सह्यांनिशी करारास जोडावी, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देऊन त्याची पोच जपून ठेवावी.